पेपर पाठवण्याआधी: वैद्यकीय जर्नलसाठी संदर्भ कसे द्यायचे, पायरीपायरीने

पावसाळा लागला की पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याकडून सर्पदंशाचे रुग्ण कोल्हापुरात येऊ लागतात. कुणाला भाताच्या लावणीत चावलेलं असतं, कुणाला उसाचा पाला काढताना, कुणाला रात्री जमिनीवर झोपेत. एखादी रेसिडेंट त्यांच्या नोंदी चिकाटीने ठेवते, तक्ते तयार होतात, गाइड सर म्हणतात, "चांगलं झालंय, आता जर्नलला पाठवून दे." मजकूर लिहून होतो आणि संदर्भसूचीला हात लागतो तो पार शेवटच्या रात्री. सगळं बिघडतं ते तिथेच. संदर्भ हे खरं तर वाचतानाच जमवायचं काम आहे. शेवटी उरते ती फक्त तपासणी.

तपासणीत इतकं काटेकोर का राहायचं, हे आधी स्पष्ट असू दे. तुमचा पेपर वाचून उद्या शिरोळच्या किंवा चंदगडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर एखाद्या औषधाचा डोस बदलू शकतो. तुम्ही लिहिलेला आकडा कुठून आला हे त्याला बघावंसं वाटलं, तर दोन मिनिटांत तो मूळ पेपरपर्यंत पोचला पाहिजे. संदर्भातला प्रत्येक ठिपका आणि स्वल्पविराम या कामासाठी आहे. जर्नलच्या संपादकाला खूश करणं हा त्याचा अगदी छोटा भाग.

या लेखात उदाहरणं सर्पदंश आणि विंचूदंशाची घेतली आहेत. नमुने देवनागरीत लिहिले आहेत. तुमच्या मॅन्युस्क्रिप्टमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत जातील.

पहिली पायरी: जर्नल ठरवा, मग शैली

"व्हँकुव्हर स्टाइलमध्ये दे" असं सगळेच सांगतात. ही शैली आली कुठून? १९७८ मध्ये काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जमले आणि मॅन्युस्क्रिप्ट कशी असावी याचे सामाईक नियम त्यांनी ठरवले. ते १९७९ मध्ये पहिल्यांदा छापले गेले. त्यात संदर्भाची पद्धत अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने बसवून दिली होती. त्याच गटाची पुढे वैद्यकीय जर्नल संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाली, जिला सगळे आयसीएमजेई म्हणतात. बारीकसारीक नियमांसाठी लायब्ररीचं 'सायटिंग मेडिसिन' हे मार्गदर्शक पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचता येतं. कुठलाही अडलेला प्रकार तिथे सापडतो.

पण व्हँकुव्हर म्हटलं की सगळीकडे एकच पद्धत असते असं समजू नका. आयसीएमजेईच्या नमुन्यांत सहापेक्षा जास्त लेखक असतील तर पहिली सहा नावं देऊन पुढे 'एट अल' (म्हणजे 'आणि इतर') लिहितात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या शैलीत, म्हणजे २०२० साली आलेल्या अकराव्या आवृत्तीत, सहापेक्षा जास्त लेखक असले की पहिली तीनच नावं देतात. पानांचे आकडे व्हँकुव्हरमध्ये ५५२-४ असे आखडते लिहायचे, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या शैलीत ५५२-५५४ असे पूर्ण. मजकुरातला संदर्भाचा आकडा कुठे वर चढवलेला असतो, कुठे गोल कंसात, कुठे चौकटी कंसात. मेडनो या प्रकाशकाच्या अनेक भारतीय जर्नलांत तो चौकटी कंसात असतो, शिवाय वर चढवलेला, आणि विरामचिन्हाच्या नंतर.

म्हणून जर्नल ठरल्याशिवाय संदर्भांची मांडणी सुरू करू नका. ठरलं की त्याच्या संकेतस्थळावरून लेखकांसाठीच्या सूचना नव्याने उतरवून घ्या. सीनिअरने दिलेली जुनी पीडीएफ चालणार नाही, कारण सूचना बदलत राहतात. त्याच जर्नलच्या ताज्या अंकातला, तुमच्याच प्रकारचा एक पेपर उघडून शेजारी ठेवा. सूचनांत जे लिहायचं राहून गेलेलं असतं, ते छापलेल्या पेपरात दिसतं. संदर्भांची कमाल संख्याही तेव्हाच बघून घ्या. केस रिपोर्ट आणि संपादकाला पत्र या प्रकारांत ती बरीच कमी असते.

इथे थीसिसबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडचे बहुतेक पहिले पेपर थीसिसमधून निघतात. थीसिसच्या सूचीत शंभरावर संदर्भ असणं नवं नाही. सर्पविषाचा इतिहास, शरीररचना, जुन्या ग्रंथांतले उल्लेख असं सगळं त्यात असतं, आणि परीक्षकाला तुमचं वाचन दाखवायचं असल्यामुळे ते तिथे शोभतंही. पेपरात त्यातले पंचवीस-तीस टिकतील. कुठले ठेवायचे हे ठरवण्यासाठी प्रत्येक संदर्भाला एक प्रश्न विचारा: हा काढला तर माझं कुठलं वाक्य उघडं पडेल? एकही पडत नसेल तर तो काढा. सूची जशीच्या तशी उचलून पेपराला चिकटवली की ते जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरला पहिल्या पानावरच कळतं.

दुसरी पायरी: वाचता वाचता गोळा करा

संदर्भ हाताने टाइप करण्याचे दिवस गेले. संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ मध्ये ते सुरू झालं. एंडनोट आणि मेंडेली हेही चांगले पर्याय आहेत. तुमच्या विभागात जे सगळे वापरतात तेच घ्या, म्हणजे अडलं की विचारायला माणूस असतो. कुणीच काही वापरत नसेल तर माझं मत झोटेरोला.

संगणकावर झोटेरो बसवा आणि ब्राउझरमध्ये त्याचा कनेक्टर जोडा. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या मोफत ऑनलाइन सूचीवर, पेपर उघडा आणि कनेक्टरच्या खुणेवर क्लिक करा, की लेखक, शीर्षक, जर्नल, वर्ष, खंड, पानं सगळं तुमच्या संग्रहात येतं. हातात छापील पेपर असेल तर त्यावरचा डीओआय (पेपराचा कायमचा ओळख-क्रमांक) किंवा पबमेडचा पीएमआयडी क्रमांक झोटेरोतल्या जादूच्या कांडीच्या खुणेत टाका, तरी तेच होतं. डीओआय नेहमी १० आणि टिंब यांनी सुरू होतो. पीएमआयडी म्हणजे नुसता आकडा. फुकट मिळणारी फाइलची जागा ३०० मेगाबाइट आहे. पीडीएफ जास्त झाल्या तर ती भरते, पण संदर्भांची माहिती सिंक व्हायला त्याची अडचण येत नाही.

संदर्भ आत आला की तिथल्या तिथे अर्धा मिनिट द्या. शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये आलंय का? लेखकाचं आडनाव आडनावाच्याच रकान्यात आहे का? जर्नलचं संक्षिप्त नाव भरलंय का? पानांचा रकाना रिकामा तर नाही? सॉफ्टवेअरला जे मिळतं तेच ते छापतं. आत कचरा गेला तर सूचीत तोच सुबकपणे मांडून येतो. गूगल स्कॉलर शोधायला उत्तम आहे, पण त्याच्यावरचा तयार संदर्भ उचलू नका. त्यात तपशील गळालेले असतात. एखाददुसरा संदर्भ हातानेच घ्यायचा असेल तर पबमेडच्या पानावर 'साइट' हे बटण आहे. तिथे लायब्ररीच्या आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या शैलीतला संदर्भ तयार मिळतो.

आणखी एक सवय लावून घ्या. प्रत्येक पेपराच्या टिपणात दोन ओळी लिहा: हा मी कशासाठी घेतला, आणि तो आकडा मूळ पेपरात कुठल्या तक्त्यात किंवा कुठल्या परिच्छेदात आहे. रिव्ह्यूअरने सहा महिन्यांनी शंका विचारली की या दोन ओळींची किंमत कळते.

तिसरी पायरी: एक ओळ सुटी करून बघा

सॉफ्टवेअर सगळं करत असलं तरी चूक ओळखता येण्यासाठी ओळीची घडण माहीत हवी. रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा लाल विंचवाच्या दंशावरचा पेपर १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. कोकणातल्या छोट्या गावातून जगाच्या पहिल्या रांगेतल्या जर्नलमध्ये गेलेलं हे काम आपल्या प्रत्येक रेसिडेंटने वाचावं असं मला वाटतं. त्याचा संदर्भ असा होईल:

बावस्कर एचएस. डायग्नॉस्टिक कार्डिॲक प्रीमॉनिटरी साइन्स अँड सिम्प्टम्स ऑफ रेड स्कॉर्पिअन स्टिंग. लॅन्सेट. १९८२;२:५५२-४.

आधी आडनाव, मग एक जागा सोडून आद्याक्षरं. आद्याक्षरांमध्ये टिंब नाही, जागाही नाही. लेखक संपले की पूर्णविराम. मग शीर्षक: फक्त पहिलं अक्षर आणि विशेषनामं कॅपिटल, बाकी सगळं लहान लिपीत. त्याभोवती अवतरणचिन्हं नकोत. पुन्हा पूर्णविराम. मग जर्नलचं संक्षिप्त नाव. वर्षानंतर अर्धविराम, त्याला चिकटून खंड, त्याला चिकटून अपूर्णविराम, त्याला चिकटून पानं. या शेवटच्या भागात कुठेही मोकळी जागा नाही. अंकाचा क्रमांक खंडानंतर गोल कंसात देतात. पण वर्षभर पानांचे आकडे सलग चालणाऱ्या जर्नलमध्ये तो गाळलेला चालतो, म्हणून इथे तो नाही.

याच ओळीत एक खाच आहे. 'लॅन्सेट' त्या काळी दरवर्षी दोन खंड काढायचं आणि त्यांना १ आणि २ असेच क्रमांक द्यायचं. सलग क्रमांकांची पद्धत नंतर आली, आणि संकेतस्थळावर जुन्या खंडांनाही मागाहून सलग क्रमांक लागले. त्यामुळे १९८२ चा दुसरा खंड एका ठिकाणी २ दिसतो, दुसऱ्या ठिकाणी ३२०. दोन्ही बरोबर आहेत. तुमच्या सूचीत मात्र 'लॅन्सेट'च्या सगळ्या जुन्या संदर्भांना एकच पद्धत ठेवा. मी पबमेडवर दिसतं ते धरते, कारण वाचक शोधायला बहुधा तिथेच जाणार.

आता याच लेखकाचा दुसरा पेपर घ्या. विंचूदंशात प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र देणं विरुद्ध नुसतं प्राझोसिन देणं अशी तुलना करणारी बावस्कर दांपत्याची चाचणी 'बीएमजे'त २०११ मध्ये आली. तिचा शेवट असा आहे: बीएमजे. २०११;३४२:सी७१३६. पानांच्या जागी अक्षर आणि आकडा बघून अनेकजण गोंधळतात, आणि पीडीएफवरची १ ते ७ अशी काहीतरी पानं लिहून टाकतात. तसं करू नका. ऑनलाइन निघणाऱ्या पेपरांना पान नसतं, लेखक्रमांक असतो. तो जसाच्या तसा पानांच्या जागी लिहायचा.

जर्नलची संक्षिप्त नावं मनाने बनवू नका. ती नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये बघायची. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चचं 'इंडियन जे मेड रेस' होतं, जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशिअन्स ऑफ इंडियाचं 'जे असोक फिजिशिअन्स इंडिया', न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनचं 'एन एंगल जे मेड'. एकाच शब्दाचं नाव आखडत नाही, म्हणून 'लॅन्सेट' पूर्ण राहतं. फक्त त्याच्या पुढचा 'द' गळतो. जुन्या संदर्भात त्या वर्षी जर्नलचं जे नाव होतं तेच द्यायचं. १९८८ च्या आधी 'बीएमजे' हे नाव नव्हतं. १९७५ चा पेपर असेल तर 'बीआर मेड जे' असंच येईल.

चौथी पायरी: माणसांची नावं

संदर्भातल्या सगळ्या चुकांत मला सगळ्यात जास्त खटकते ती नावाची चूक. ती लेखकावर अन्याय करते, आणि वाचकाचं नुकसानही. चुकीच्या आडनावाने पेपर शोधणं म्हणजे मंगळवार पेठेतलं घर शुक्रवार पेठेत हुडकत बसणं.

आपल्याकडे हजेरीपटापासून गुणपत्रिकेपर्यंत आडनाव आधी लिहितात: पाटील सुनील बापू. आंतरराष्ट्रीय जर्नल शेवटच्या शब्दाला आडनाव समजतं. मग पबमेडवर हे गृहस्थ 'बापू पीएस' होऊन बसतात, आणि त्यांचे पेपर दोन-तीन वेगवेगळ्या नावांखाली विखुरतात. दुसऱ्याचा संदर्भ देताना शंका आली तर मूळ पेपराच्या पहिल्या पानावर जा, त्याच लेखकाचे बाकीचे पेपर बघा आणि आडनाव नक्की करा. मात्र पबमेडवर नोंदच चुकीची असेल तर तुमच्या सूचीत परस्पर दुरुस्ती करून वाचकाची वाट बंद करू नका. तिथे छापलेल्या नावानेच पेपर सापडणार असतो.

दक्षिणेकडच्या अनेक लेखकांना आपल्यासारखं आडनाव नसतं. वडिलांचं किंवा गावाचं नाव नुसत्या आद्याक्षरात असतं. तिथे पेपरात पूर्ण छापलेलं नाव आडनावाच्या जागी जातं. जोडआडनावं जोडरेघेसह पूर्ण ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या लेखिकेचा जुना पेपर जुन्याच नावाने द्यायचा, जसा छापला तसा.

तुमच्या स्वतःच्या नावाचंही आजच ठरवा. नावाचं स्पेलिंग, मधलं आद्याक्षर, आडनावाची जागा हे एकदा नक्की करा आणि पहिल्या पेपरापासून शेवटच्यापर्यंत तसंच ठेवा. ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, सोळा आकडी क्रमांक फुकट मिळतो. पाटील, जाधव, कांबळे, शिंदे, देसाई अशी आडनावं हजारोंनी असलेल्या आपल्या मुलखात तो फार उपयोगी आहे.

लेखकांच्या संख्येचं एक खरं उदाहरण देते. भारतातल्या सर्पदंशमृत्यूंवरचा २०११ चा राष्ट्रीय अभ्यास 'प्लॉस निग्लेक्टेड ट्रॉपिकल डिसिजेस'मध्ये आहे. त्याचे दहा लेखक आहेत. आयसीएमजेईच्या पद्धतीत मोहपात्रा, वॉरल, सुरवीरा, भाटिया, धिंग्रा, जोटकर ही सहा नावं आणि पुढे एट अल. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पद्धतीत सुरवीरांपर्यंत थांबून एट अल. मजकुरात त्यांचा उल्लेख करताना फक्त पहिलं आडनाव आणि 'एट अल' पुरतं.

पाचवी पायरी: मजकुरातला आकडा

जो संदर्भ मजकुरात पहिल्यांदा येतो तो १, पुढचा २. तोच संदर्भ दहा पानांनंतर पुन्हा आला तरी त्याचा आकडा तोच राहतो. सलग तीन किंवा अधिक असतील तर ३-५ असं जोडायचं, सुटे असतील तर ३,६,९ असं, मध्ये जागा न सोडता. गोषवाऱ्यात संदर्भ देत नाहीत.

तक्त्यांचा नियम फार थोड्यांना माहीत असतो. एखादा संदर्भ फक्त तक्त्यात किंवा आकृतीखालच्या ओळीत असेल, तर त्याचा क्रमांक मजकुरात तो तक्ता पहिल्यांदा उल्लेखला जातो त्या जागेवरून ठरतो. तक्ता फाइलच्या शेवटी असतो म्हणून त्यातल्या संदर्भांना शेवटचे आकडे दिले, की सूचीचा क्रम विस्कटतो.

आकडा वाक्याच्या शेवटीच हवा असं काही नाही. तो त्या विधानाला चिकटलेला हवा. समजा तुम्ही लिहिलं: भारतात २००५ मध्ये सर्पदंशाने सुमारे ४६,००० मृत्यू झाले, तर २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाले. पहिला आकडा वर सांगितलेल्या २०११ च्या अभ्यासातला आहे. दुसरा त्याच मालिकेतल्या, 'ईलाइफ'मध्ये २०२० साली आलेल्या अभ्यासातला. दोन्ही संदर्भ वाक्याच्या शेवटी एकत्र लावले तर कुठला आकडा कुणाचा हे वाचकाला कळणार नाही. पहिला संदर्भ स्वल्पविरामापाशी द्या, दुसरा शेवटी. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या शैलीत वर चढवलेला आकडा स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या नंतर येतो, अर्धविराम आणि अपूर्णविरामाच्या आधी.

वर चढवलेला आकडा संख्येला किंवा एककाला चिकटला तर तो घात समजला जातो. '१० सेंमी'नंतर लगेच छोटा २ आला की वाचणारा चौरस सेंटिमीटर वाचतो. डोसच्या बाबतीत हे धोक्याचं आहे. वाक्य थोडं फिरवा आणि आकडा शब्दानंतर येईल असं बघा.

सहावी पायरी: वाचलेलाच पेपर द्या

मांडणी अगदी बिनचूक असूनही संदर्भ खोटा ठरू शकतो. जानेवारी १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पोर्टर आणि जिक यांचं एक पत्र छापलं गेलं, जेमतेम पाच वाक्यांचं. रुग्णालयात भरती असताना अफूवर्गीय वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांत, आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची खात्रीशीर नोंद सापडली, एवढंच त्यात होतं. पुढची अनेक वर्षं लोक हे पत्र 'या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं' या विधानाखाली देत राहिले. घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दलही. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये याचा हिशेब छापला गेला: ६०८ वेळा हे पत्र संदर्भात आलं होतं, त्यातल्या ७२.२ टक्के ठिकाणी व्यसन दुर्मिळ असल्याचा पुरावा म्हणून. ते रुग्ण रुग्णालयात भरती होते, हे जवळजवळ ८१ टक्के लेखकांनी सांगितलंच नव्हतं. उत्तर अमेरिकेतल्या ओपिऑइडच्या, म्हणजे याच अफूवर्गीय औषधांच्या, संकटाला अशा संदर्भांनी हातभार लावला, असं त्या हिशेबाच्या लेखकांनी म्हटलं. इतक्या लोकांनी दिलेला संदर्भ, आणि मूळ पाच वाक्यं वाचायला एक मिनिटही लागत नाही.

वैद्यकीय जर्नलांतल्या संदर्भांची अचूकता तपासणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये 'पीअरजे'मध्ये आला. साधारण चारातल्या एका ठिकाणी लेखकाने लिहिलेलं आणि मूळ पेपरात असलेलं यांचा मेळ बसत नाही, असं त्यात दिसलं.

म्हणून नियम सोपा ठेवा. दुसऱ्याच्या पेपरातून संदर्भ उचलायचा नाही. मूळ पेपर मिळवा. तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात विचारा, पूर्ण पेपर फुकट देणाऱ्या पबमेड सेंट्रलवर बघा, नाहीतर पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ईमेल करा. बरेचजण आनंदाने पीडीएफ पाठवतात. मूळ पेपर काही केल्या मिळाला नाही तर जो तुम्ही प्रत्यक्ष वाचलात त्याचाच संदर्भ द्या, आणि मूळ निष्कर्ष त्याच्यामार्फत कळल्याचं वाक्यात स्पष्ट लिहा. शक्य तिथे आढावा-लेखाऐवजी मूळ अभ्यास द्या.

चॅटबॉटला संदर्भ मागू नका. खऱ्या जर्नलचं नाव, खऱ्या वाटणाऱ्या लेखकांची नावं, नीटनेटकी पानं असा संदर्भ तो बनवून देतो, आणि तो पेपर कुठेच अस्तित्वात नसतो. अशा साधनाने लिहिलेला मजकूर मूळ स्रोत म्हणून देणं आयसीएमजेईला मान्य नाही. भाषेसाठी मदत घेतलीत तर जर्नलच्या सूचनेप्रमाणे ती जाहीर करा, आणि प्रत्येक संदर्भ पबमेडवर स्वतः उघडून बघा.

पेपराखेरीज बाकीचे स्रोत

पुस्तकातल्या प्रकरणाचा संदर्भ देताना आधी प्रकरणाचे लेखक आणि शीर्षक, मग 'इन', मग संपादक, पुस्तकाचं नाव, आवृत्ती, शहर, प्रकाशक, वर्ष आणि प्रकरणाची पानं. अख्ख्या पाठ्यपुस्तकाचा संदर्भ देऊन वाचकाला तीन हजार पानांत सोडू नका.

संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं असतील तर संस्थाच लेखक. सर्पदंशाच्या उपचारावरची जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयाची दुसरी आवृत्ती २०१६ मध्ये नवी दिल्लीतून निघाली. तिथे शहर म्हणून नवी दिल्लीच लिहायचं, जिनिव्हा नाही. संकेतस्थळावरचा मजकूर असेल तर चौकटी कंसात 'इंटरनेट', तुम्ही तो पाहिल्याची तारीख आणि पूर्ण दुवा द्या. सरकारी संकेतस्थळांवरची पानं हलतात, म्हणून त्याच दिवशी पीडीएफ उतरवून ठेवा.

थीसिस असेल तर शीर्षकानंतर चौकटी कंसात प्रबंध असल्याची खूण, मग शहर, विद्यापीठ, वर्ष. मराठीतला लेख किंवा अहवाल द्यायचा असेल तर शीर्षकाचं इंग्रजी भाषांतर चौकटी कंसात, आणि ओळीच्या शेवटी भाषा मराठी असल्याचं लिहायचं. आपल्या जिल्ह्याच्या आरोग्यावर मराठीत चांगलं लिहिलेलं असेल तर ते द्यायला संकोचू नका.

परिषदेत वाचलेल्या निबंधाचा नुसता गोषवारा शक्यतो टाळा. पूर्ण पेपर छापून आलाय का ते शोधा. प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच इंटरनेटवर ठेवलेला पेपर) असेल तर तसं स्पष्ट लिहा, आणि सबमिट करण्याच्या दिवशी तो जर्नलमध्ये छापला गेलाय का ते पुन्हा बघा. कुणी तोंडी किंवा ईमेलने सांगितलेली माहिती सूचीत येत नाही. ती मजकुरात, गोल कंसात, त्या व्यक्तीचं नाव आणि तारखेसह येते, तीही त्यांच्या लेखी परवानगीने.

शेवटची तपासणी

मसुदा पक्का झाला की सॉफ्टवेअरमधून सूची नव्याने तयार करा. सहलेखकांनी परिच्छेद वर-खाली केले असतील तर आकडे आपोआप सावरतात, पण कुणी मध्येच हाताने आकडा टाइप केला असेल तर तो तसाच राहतो. म्हणून पहिल्या पानापासून आकडे बोटाने मोजत जा: १, २, ३, ४. एखादा गाळला गेला किंवा आधीच उगवला तर तिथे हाताने काहीतरी घातलेलं असतं.

मग मागे घेतलेले पेपर बघा. गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा वेकफील्ड यांचा १९९८ चा पेपर 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला. कोविडच्या काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा मोठा पेपर त्याच जर्नलने मे २०२० मध्ये छापला आणि जूनच्या पहिल्याच आठवड्यात मागे घेतला. तुम्ही पीडीएफ उतरवली तेव्हा पेपर शाबूत असेल, आज नसेल. पबमेडवर अशा पेपराच्या पानावर ठळक सूचना दिसते. झोटेरोही मागे घेतलेल्या पेपरांची यादी ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या नोंदींवरून लाल पट्टी दाखवतं. मागे घेतल्याबद्दलच लिहायचं असेल तरच तो पेपर द्यायचा, आणि तो मागे घेतल्याचं सूचीत लिहायचं.

आता सूची कागदावर छापून घ्या. पडद्यावर न दिसणाऱ्या चुका कागदावर दिसतात. शेजारी एका सहकाऱ्याला बसवा. एकाने मूळ पेपराचं पहिलं पान बघून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने सूचीत टिक करायची: आडनाव, आद्याक्षरं, वर्ष, खंड, पानं. तीस संदर्भांना तासभर लागतो. हा तास टाळू नका.

मूळ फाइल जपून ठेवा आणि तिची प्रत काढा. त्या प्रतीत झोटेरोचे दुवे तोडून संदर्भ साधा मजकूर करा, जर्नलने तसं मागितलं असेल तर. जोडलेली फाइल हाताशी असली की उद्या पेपर दुसऱ्या जर्नलला पाठवायची वेळ आल्यास शैली बदलायला काही सेकंद पुरतात. झोटेरोच्या संग्रहात हजारो जर्नलांच्या शैली आहेत. शैली बदलल्यानंतर लेखकांची संख्या, पानांची पद्धत आणि जर्नलची संक्षिप्त नावं एवढं डोळ्याखालून घाला.

पेपर स्वीकारला गेला की छपाईआधीचं प्रूफ येतं, आणि त्यात कॉपी एडिटरचे प्रश्न असतात. बहुतेक संदर्भांबद्दलच: अमुक क्रमांकाचा संदर्भ मजकुरात सापडत नाही, तमुकाचा खंड द्या, अमुक प्रीप्रिंट आता छापला गेलाय का. उत्तराला एक-दोन दिवसच मिळतात, आणि नेमकी तेव्हाच तुमची इमर्जन्सीची ड्यूटी असते. म्हणून झोटेरोतला संग्रह सहलेखकांबरोबर सामाईक ठेवा, म्हणजे तुम्ही वॉर्डात अडकलात तरी दुसरा कुणीतरी उत्तर पाठवू शकेल. प्रूफमधला प्रत्येक डीओआय क्लिक करून योग्य पेपर उघडतोय ना ते बघा, आणि मगच होकार कळवा.